शेवटची पाव पट्टी

गोळीबाराच्या खेळात मजा गोळी झाडण्यात असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो खेळ नुसता लांबून पाहिलेला असतो. मजा भिंतीत असते. सव्वीस वर्षं मी हेच काम केलं. कोल्हापुरात शाहूपुरीत, एका बंद पडलेल्या कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती आणि मी तिथं बसून भिंती मांडायचे. माझ्या कार्डावर काहीतरी भारदस्त पद छापलेलं होतं, पण माझा थोरला भाऊ धैर्यशील सगळ्यांना सांगायचा, "आमची शरू गवंडी हाय." ते जास्त बरोबर होतं.

'तिसरी घळ' हा आमचा खेळ तुम्ही नाही तर तुमच्या घरातलं कुणीतरी खेळलं असेल. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला एक खाण, खाणीतली यंत्रं बिथरलेली, आणि ठिगळं लावलेल्या अवकाशपोशाखातला एकटा शिपाई. खाणीच्या या तोंडातून शिरायचं आणि त्या तोंडातून बाहेर पडायचं. उघड्यावर गेलात की मेलात. म्हणून कमरेएवढ्या भिंतींमागून, उलटलेल्या डब्यांमागून, खडकांमागून जायचं. लपायचं, दम खायचा, डोकं काढायचं, दोन गोळ्या झाडायच्या, पुन्हा लपायचं. त्या भिंतींना आम्ही आडोसे म्हणायचो. आडोसा फार जवळ ठेवला की माणूस कंटाळतो, फार लांब ठेवला की चिडतो. मी एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत पाच पावलं ठेवायचे आणि मधूनच एकदा सात. त्या दोन जादा पावलांत पोटात गोळा येतो. पोहोचल्यावर माणूस जो श्वास सोडतो, तेवढ्यासाठी लोक आमचा खेळ खेळायचे.

आणि आम्ही लबाडी करायचो. या धंद्यातले सगळेच करतात, कुणी कबूल करत नाही. शत्रूची पहिली गोळी कधीच लागत नाही. कानाजवळून सूं करून जाते, म्हणजे लपायला वेळ मिळतो आणि खेळणाऱ्याला वाटतं, काय चपळ आहे मी! दुसरी लबाडी शेवटच्या पाव पट्टीची. पडद्याच्या कोपऱ्यात तुमच्या लाइफची पट्टी असते, शंभर गुणांची. पंचवीसपर्यंत ती सरळ उतरते. पंचवीसच्या खाली गेली की दोन गुणांची गोळी लागली तरी एकच गुण उतरतो. नुसती लाल रेघ उरलेली असताना माणूस दहा पावलं पळतो, भिंतीमागे पडतो आणि ओरडतो, वाचलो! खरं म्हणजे त्याला आम्ही वाचवलेलं असतं.

हे मला माझे पहिले साहेब कुलदीप सर यांनी शिकवलं. कंपनीत आल्या आल्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की खेळाडूला खरा आकडा कधी दाखवायचा नाही. आमच्याकडे तो नियम कुठं लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच नव्हती. नवीन मुलगी आली की तिला चहाचं यंत्र कुठं आहे आणि पाव पट्टी कशी लावायची, हे एकाच दमात सांगितलं जायचं.

माझ्या भिंती पहिल्यांदा तपासायचा तो दादाच. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो मोल्डिंगला होता. वाळूचे साचे बनवायचे, त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झाल्यावर साचे फोडायचे. पहिली पाळी संपली की तो तसाच आमच्या ऑफिसात यायचा, केसांत आणि भुवयांत वाळू, आणि माझ्या खुर्चीत बसायचा. खुर्ची झाडून घ्यायला लागायची. तो "वाचलो!" म्हणून ओरडला की माझं काम झालं. नाही ओरडला तर मी भिंत हलवायचे. इतकी वर्षं त्याला एकदाही सांगितलं नाही की पट्टी खोटी आहे. जादूच्या प्रयोगात पत्ता कुठं लपवलाय, हे आपल्याच भावाला सांगून कोण मजा घालवेल?

*

पुढं 'राखण' नावाची एक यंत्रणा आली आणि माझ्या हातातलं निम्मं काम तिनं काढून घेतलं.

मेंदूला बक्षीस जिंकल्याबद्दल मिळत नाही, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. जे होईल असं वाटत होतं आणि जे झालं, त्यांतल्या फरकावर मेंदू खूश होतो. हमखास जिंकणार असाल तर मेंदू पेंगतो. हमखास हरणार असाल तर तो नाद सोडून देतो. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा आहे, जिथं माणसाला वाटतं की जमेल बहुतेक, पण सांगता येत नाही. त्या पट्ट्यात माणूस तहान-भूक विसरतो. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेनं तो पट्टा प्रत्येक माणसापुरता मोजायची युक्ती काढली. कानाच्या पाळीला लावायची एक चिमटी नाडी आणि घाम वाचायची, पडद्यावरचा कॅमेरा डोळ्यांतली बाहुली वाचायचा, आणि राखण ठरवायची की या माणसाला आत्ता गोळी चुकवू द्यायची की लागू द्यायची. आमची लबाडी सगळ्यांना सारखी होती. राखण प्रत्येकाच्या मापानं लबाडी शिवून द्यायची.

खेळांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण असं बिनचूक औषध खेळांपुरतं कोण ठेवतं? तीन वर्षांत राखण परीक्षांच्या तयारीत शिरली, व्यायामशाळेत शिरली, नोकरी शोधून देणाऱ्या ॲपमध्ये शिरली. पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोराला दर आठवड्याला वाटायचं की आता थोडक्यात राहिलंय. कुणी काही सोडेना, आणि आपण खरे कुठं उभे आहोत हे कुणालाच कळेना. लोक मात्र खुशीत होते. मीही होते. माझ्या भिंतींना जगभर मागणी होती.

*

दादाला सिलिकोसिस झाल्याचं २०४१ मध्ये कळलं. साच्याच्या वाळूची इतकी बारीक धूळ असते की ती डोळ्यांना दिसतही नाही. ती फुप्फुसात जाऊन बसते, तिच्याभोवती घट्टे पडतात, आणि घट्टे पडलेला भाग पुन्हा कधी हवा घेत नाही. काम सोडलं तरी ते वाढत राहतं. एकतीस वर्षं तो त्या वाळूत होता. मास्क द्यायचे, पण भट्टीसमोर मास्क लावून बघा, म्हणजे कळेल लोक तो का काढायचे.

शहराबाहेर छातीच्या रोगांचं एक नवं केंद्र निघालं होतं. तिथल्या डॉक्टर रेहाना मुजावर चांगल्या, पोटतिडकीनं काम करणाऱ्या बाई. त्यांची अडचण साधी होती. अशा रोग्यांनी दिवसातून दोनदा श्वासाचे व्यायाम केले तर वर्षं वाढतात, पण ते इतके कंटाळवाणे की महिनाभरात सगळे सोडून देतात. त्यांनी आमच्या कंपनीला विचारलं, व्यायामाचा खेळ करून द्याल का? मी म्हटलं, मीच करते.

मी 'तिसरी घळ'च घेतली, राखणीसकट. तोंडावर एक मास्क लावायचा, त्यात हवा मोजायची सोय. आडोशामागे बसून लांब श्वास सोडला की बंदुकीत गोळ्या भरतात, श्वास रोखून धरला तर नेम स्थिर. कोपऱ्यातली लाइफची पट्टी म्हणजे तुमचा श्वासगुण, शंभरापैकी. एका दमात किती हवा बाहेर पडली, रक्तात प्राणवायू किती, दम लागल्यावर किती वेळात सावरलात, या सगळ्याचा मिळून तो आकडा. खेळ त्या आकड्यावर सुरू व्हायचा आणि गोळ्यांनी उतरलेले गुण तेवढ्या खेळापुरते असायचे. पेशंटच्या पडद्यावर तो दिसायचा आणि डॉक्टरांच्याही. दर महिन्याला केंद्रात येऊन नळीत फुंकायची मोठी तपासणी त्यामुळे बंद झाली. मास्क रोजच मोजतोय म्हटल्यावर ती हवीच कशाला?

त्या आकड्यावर एक मोठी गोष्ट अवलंबून होती. रोग्याच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत नवं फुप्फुस वाढवता येऊ लागलं होतं. ते काही वर्षंच टिकतं, म्हणून घाई करायची नाही. श्वासगुण पंधरावर आला की रोग्याचं नाव आपोआप रोपणाच्या यादीत जायचं. पण दहाच्या खाली गेला की शरीराला ऑपरेशन झेपत नाही, मग काही करता येत नाही. पंधरा ते दहा, एवढीच वाट उघडी होती.

खेळ केंद्राच्या ताब्यात देताना मला एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: दाखवलेला आकडा मोजलेल्या आकड्यापेक्षा वेगळा आहे का? मी 'नाही'वर खूण केली. शपथेवर सांगते, मी खोटं बोलले नाही. मला ते आठवलंच नाही. सव्वीस वर्षं पाव पट्टी लावून लावून ती मला लबाडी वाटेनाशीच झाली होती. पट्टी अशीच असते, असं माझ्या हाडीमाशी खिळलं होतं. आणि पट्टी काढणारा तो तुकडा जुन्या खेळातून जसाच्या तसा नव्यात गेला.

*

दादा पहिल्या आठवड्यापासून खूश. बाकीचे पेशंट खेळाला बिचकत होते, हा तर जुना खेळाडू. मला फोन करायचा, "शरे, त्या सातव्या डब्यामागं काय घात करून ठेवलायस गं! थोडक्यात वाचलो बघ." फोनवर दम लागलेला ऐकू यायचा, पण तो हसत असायचा. अठ्ठावीसवरून पंचवीस झाला, पंचवीसवरून चोवीस. मग उतरायचा वेगच मंदावला. डॉक्टर मुजावरांनी एका परिषदेत सांगितलंसुद्धा की पंचवीसच्या खालचे रोगी या खेळानं विलक्षण स्थिर राहतात. माझी कॉलर ताठ झाली.

गेल्या मार्चमध्ये उज्ज्वला वहिनीचा फोन आला. वहिनी कधी स्वतःहून फोन करत नाही.

"वन्सं, जरा बोलायचं हुतं," ती म्हणाली. "आकडा बघितला तर वीसच्या वीस हाय. पण ह्यांना आंघोळीला आता स्टूल लागतंय. उभं राहवत न्हाई. जेवताना मधी थांबत्यात."

मी कामात होते. "वहिनी, आकडा बघा ना. महिनाभर विसावर टिकलाय तो. उन्हाळा आहे, थकवा येतो माणसाला."

"व्हय, पण मी रोज बघते न्हवं..."

"मशीन तुमच्या-माझ्यापेक्षा बरं बघतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हाचं माझं ते बोलणं आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी शिरोलीला गेले ती जूनमध्ये, एका रविवारी दुपारी. कोल्हापूरहून शिरोली ती किती लांब! पण जायला तीन महिने लागले. दादा पलंगावर उशांना टेकून बसला होता. खांद्याची हाडं वर आलेली. मला पाहून त्यानं मास्क हातात घेतला.

"बस. बघ आता तुझ्या भावाची करामत," तो म्हणाला. चार शब्दांनंतर थांबला, मग उरलेले बोलला. "सतरा हाय आज. सोळा नंबरची भिंत... गाठतो का न्हाई बघ."

तो खेळायला लागला. मी सवयीनं खेळ पाहत नव्हते, पट्टी पाहत होते. उघड्यावर त्याला एक गोळी लागली. चार गुणांची गोळी होती, तिच्या आवाजावरून मला कळतं. पट्टी दोननं उतरली.

दादा मधल्याच एका भिंतीमागे पडला, मास्कमधून "वाचलो!" म्हणाला, आणि मी मनात आकडे उलटे मांडत होते. पंचवीसमधून सतरा गेले, आठ. आठ दुणे सोळा. पंचवीसमधून सोळा गेले.

नऊ.

*

डॉक्टर मुजावरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी तपासणी करून घेतली. नळीत फुंकताना दादाला तीनदा थांबावं लागलं. त्याला चाकाच्या खुर्चीतून बाहेर व्हरांड्यात नेल्यावर त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. नऊच होता.

"हे कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सांगायला दोन मिनिटं लागली. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्या पडद्याकडे वळल्या आणि एकेक रोगी उघडून बघू लागल्या. पंचवीसच्या खालचे एकसष्ट होते. त्यांतले किती दहाच्या खाली गेले असतील, ते त्या हळू आवाजात मोजत होत्या. चौदा निघाले.

"मीच तपासण्या बंद केल्या," त्या म्हणाल्या. "फुंकायला लावणं रोग्यांना त्रासाचं होतं. मला वाटलं..."

"दादाचं काही?"

"रोपणाच्या समितीला मी आज फोन करते. पण नऊवर कुणी भूल देणार नाही, शरयूताई. दिली तर टेबलावरच जातील."

वहिनी दाराशी उभी होती. ती कधी आत आली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिनं विचारलं, "वन्सं, मी फोन केलता तवा खरं किती हुतं?"

मग तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणाले, "पंधरा."

पंधरा म्हणजे काय, ते त्या केंद्रातल्या प्रत्येक रोग्याच्या बायकोला पाठ होतं. वहिनीनं पदर खांद्यावर नीट केला आणि दादाकडे बाहेर गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

समितीनं दोन दिवसांत नाही म्हणून कळवलं. बाकीच्यांसाठी आम्ही धावाधाव केली. दहा ते पंधरामधले सत्तावीस यादीत गेले, त्यांतले काही वाचतील. पण ज्यांना खरा आकडा दाखवला, त्यांनी हातपाय गाळले. आठवड्याभरात निम्म्यांनी मास्क लावणं सोडलं आणि ते झपाट्यानं खाली गेले. तेव्हा डॉक्टर मुजावरांनी ठरवलं की डॉक्टरांना खरा आकडा दिसेल आणि बाकीच्या पेशंटना जुनीच पट्टी दिसेल. त्यांनी मला तसं करून द्यायला सांगितलं, आणि मी करून दिलं. चूक म्हणून जी लबाडी निस्तरायला बसले होते, तीच मी आता शहाण्यासारखी, माहीत असून, पुन्हा लावली.

"धैर्यशीलरावांनाही सांगू नका," डॉक्टर म्हणाल्या. "व्यायाम चालू राहिला तर तीन-चार महिने निघतील. सुटला तर दोन आठवडे."

*

मी सांगणार नव्हते. पण दादाला बावळट समजायचं काही कारण नव्हतं. समितीचं उत्तर आल्यावर मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा वहिनी गिरणीत गेली होती, आणि त्यानं वाटच पाहून ठेवली होती.

"शरू, इकडं ये. नळीत मी फुकलो... ते उगंच न्हवतं. उजी रडती, पण मला दाखवत न्हाई. तू नजर देत न्हाईस." त्यानं दम घेतला. "पट्टी खोटी हाय का?"

मी म्हणाले, "तसं काही नाही रे."

"गवंडीण हायस तू. भिंत वाकडी असली तर... तुला कळतंय. मला बी तुझं तोंड कळतंय."

मग मी सांगितलं. पाव पट्टीचं, पहिल्या गोळीचं, सगळं. त्याच्या पाळीनंतरच्या त्या दुपारी, माझी खुर्ची, ते सगळे 'वाचलो', तेही. नऊचा आकडा सांगितला. वीस दिसत होते तेव्हा पंधरा होते, हेही सांगितलं, कारण आता काही मागे ठेवण्यात अर्थ नव्हता. तो छताकडे पाहत ऐकत होता. मला वाटलं तो ओरडेल. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी एकदा बी मी आपला आपण वाचलो न्हाई?"

"वाचला असशील की. कितीदा तरी."

"पर तुला ठावं न्हाई, कितीदा."

"नाही."

त्यानं मास्क उचलून हातात धरला. मग म्हणाला, "खरी लाव. एकदा खरी लावून बघू."

मी नको म्हटलं. तो हट्टाला पेटला. लहानपणी पतंगाच्या मांजासाठी जसा पेटायचा तसाच. शेवटी मी लॅपटॉप काढला, राखण बंद केली, पाव पट्टी काढली. कोपऱ्यात नऊ आले. बारीकशी लाल रेघ.

त्यानं मास्क लावला. शिपाई पहिल्या भिंतीमागून उठला आणि पहिलीच गोळी छातीत लागली, दहा गुणांची. खेळ संपला. दादा हसला. पुन्हा लावला. या वेळी दोन पावलं गेला. पुन्हा लावला. पाचव्यांदा तर भिंतीमागून डोकं काढताक्षणी गेला. मी मांडलेल्या कुठल्याच भिंतीपर्यंत नऊ गुणांचा माणूस पोहोचत नव्हता. इतक्या वर्षांत मी कधी हे करून पाहिलं नव्हतं. पाच पावलांचं अंतर मी कुणासाठी ठेवलं होतं, ते मला त्या दुपारी दिसलं. ते आमच्या लबाडीच्या भरवशावरच ठेवलेलं होतं.

सातव्यांदा मेल्यावर त्यानं मास्क गळ्यात ओढला. "ह्यात काय मजा न्हाई गं," तो म्हणाला. लहान पोरासारखा हिरमुसला होता. "परत ते पहिलं लाव."

मी लावलं. सतरा आले. एवढ्यात वहिनी दळण घेऊन आली आणि डबा तसाच हातात धरून दारात थांबली, कारण तो खेळत होता, आणि तो खेळताना तिला बरं वाटायचं. तो पळाला. गोळी कानाजवळून गेली. डबा, खडक, भिंत. मधल्या सात पावलांत पट्टी रेघेएवढी झाली आणि तरी तो पोहोचला. सोळाव्या भिंतीमागे शिपाई जाऊन पडला. आजवर त्याला ती भिंत गाठता आली नव्हती.

"वाचला!" वहिनी म्हणाली.

दादा पडद्याकडे बघत राहिला. मग मान वळवून त्यानं मला विचारलं, "शरू, आत्ता ह्यो मी वाचलो, का तू वाचवलंस?"

"तू," मी म्हणाले.

"खोटं बोलतीस." रागानं नाही बोलला. कपाळावरचा घाम पुसावा तितक्या सहज बोलला. मास्क डोक्यावरून काढला, त्याची पट्टी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिला.

त्यानंतर त्यानं तो लावला नाही. मी विनवण्या केल्या, वहिनीनं पाय धरले, डॉक्टर मुजावर स्वतः घरी येऊन गेल्या. त्यांनी समजावलं की पट्टी काहीही दाखवो, व्यायाम खरा आहे, त्यानं दिवस खरेच वाढतात. दादा त्यांना म्हणाला, "पटतंय की मॅडम. पर हात उठत न्हाई." आणि ते खरंच होतं. मी मजा काढून घेतली होती आणि ती परत देता येत नव्हती. ज्याला माहीत नाही त्याच्यावरच ती चालते. मी गप्प बसले असते तर तो अजून तीन महिने हसत राहिला असता, आणि मार्चमध्ये ऐकलं असतं तर कितीतरी वर्षं. दोन्ही वेळा मी चुकीचं तेच केलं.

मी रजा टाकून शिरोलीलाच राहिले. दादा फारसं बोलत नव्हता. बोलायला दम पुरत नव्हता, आणि आमच्यात बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. अकराव्या दिवशी दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर आलं. पडदा धुवायला काढलेला होता. वहिनी चादर शोधायला आत गेली, तेव्हा त्यानं बोटानं मला खूण केली.

"जरा... हिकडं सरक."

मी खुर्ची ओढून खिडकीच्या आणि त्याच्या मध्ये बसले. ऊन माझ्या पाठीवर आलं. त्याच्या चेहऱ्यावर सावली पडली तशी त्यानं डोळे मिटले. वहिनी चादर घेऊन आली, तिला मी हातानंच थांबवलं. पाठ भाजत होती, पण ऊन उतरेपर्यंत मी हलले नाही. उतरलं तेव्हा त्याचा श्वास थांबून बराच वेळ झाला होता, आणि तो कधी थांबला, हे एवढ्या जवळ बसूनही मला कळलं नाही.